नसलेल्या दंडाची पावती

लातूरच्या समाधान कॉलनीत राहणाऱ्या भगवानरावांना एकतीस वर्षांत एकदाही वाहतुकीचा दंड झाला नव्हता, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. बारशाला गेले तर पाळण्याजवळ, लग्नाला गेले तर पंगतीत, आणि एकदा तर चुलत सासऱ्याच्या दहाव्याला, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उन्हात उभ्या असलेल्या मंडळींना त्यांनी हे सविस्तर ऐकवलं होतं. त्या दिवशी कावळ्यानं दोन तास लावले. त्याचं खापर काही नातेवाइकांनी भगवानरावांवर फोडलं, पण तो वाहतुकीचा गुन्हा नव्हता.

पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. आता सहीसाठी दारात कुणी येत नाही, हाताखाली शिपाई नाही, बायको भाजीसुद्धा न विचारता करते. अशा माणसाला अभिमान बाळगायला काहीतरी लागतंच. भगवानरावांकडे ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं मोटार वाहन कायद्याचं एक पुस्तक होतं आणि एक राखाडी स्कूटी होती. स्कूटी जुनी, पण लखलखीत; आरशांवर, हेडलाइटवर आणि मागच्या नंबरपाटीवर पंचफुलाबाईंनी पाडव्याच्या पूजेला लावलेली कुंकवाची बोटं. रोज सकाळी चहाच्या आधी भगवानराव मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून बघत. 'एकही चलान प्रलंबित नाही' असं आलं की मग चहा. शेजारचे किराणावाले शिवलिंगअप्पा यांना महिन्याला एक तरी चलान यायचं आणि ते लाइटबिलाबरोबर तेही भरून मोकळे व्हायचे. त्यांच्याकडे बघून भगवानरावांना चहा जास्त गोड लागायचा.

आता भगवानराव प्रत्यक्षात गाडी कशी चालवत, हेही सांगायला हवं. सावकाश चालवत. हेल्मेट घालत. हॉर्न वाजवताना समोरच्याची माफी मागत. पण मार्च ते जून लातुरात माणूस सिग्नलला रेघ बघून थांबत नाही, सावली बघून थांबतो. लिंबाची सावली रेघेच्या अलीकडे असेल तर सगळं गाव अलीकडे थांबतं, पलीकडे असेल तर पलीकडे. भगवानरावांच्या रोजच्या सिग्नलवर एका खाजगी क्लासचा मोठा फलक आहे. त्यावर डॉक्टरकीला लागलेल्या पोरापोरींचे फोटो. या फलकाची सावली दुपारी चारला बरोबर झेब्रा पट्ट्यांवर पडते. त्या गुणवंतांच्या सावलीत गाडी उभी करायची, हेल्मेट काढून मांडीवर ठेवायचं, टक्कल रुमालानं पुसायचं आणि हिरवा दिवा लागला की हेल्मेट घालून निघायचं, असा त्यांचा नेम. थांबलेल्या गाडीवरचा माणूस चालक नसतो, नुसता बसलेला असतो, असं त्यांचं कायद्याचं वाचन होतं. मागे पंचफुलाबाई भाजीची पिशवी धरून बसत आणि हे वाचन त्यांना रोज ऐकावं लागे.

मे महिन्यात कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक संघानं ठरवलं की जूनमध्ये वर्धापनदिनाला 'आदर्श वाहनचालक' म्हणून एकाचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ आणि लोकांसमोर दहा मिनिटं भाषण. शालीचं भगवानरावांना काही नव्हतं. त्या दहा मिनिटांसाठी मात्र ते एकतीस वर्षं थांबले होते.

संघाचे सचिव सुदर्शनराव हे बँकेतून निवृत्त झालेले. सही जुळल्याशिवाय सख्ख्या भावालाही त्यांनी कधी काउंटरवरून पैसे दिले नव्हते.

"भगवानराव, तुमच्याबद्दल शंका न्हाई," ते म्हणाले. "पण बोलण्यावर शाल देता येत न्हाई. उद्या कुणी विचारलं तर फाइलला काय लावू? दंड झाला न्हाई असा कागद आणा."

"मोबाइलवर दिसतंय की!"

"मोबाइल फाइलला लावता येत न्हाई."

ही मागणी भगवानरावांना मनापासून पटली. कागदाशिवाय शाल घेणारा माणूस त्यांना स्वतःलाच आवडला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते वाहतूक शाखेच्या खिडकीवर जाऊन उभे राहिले.

"दंड असल्याचा कागद मिळतो," खिडकीतला कारकून म्हणाला. "दंड भरल्याची पावती बी मिळती. दंड न्हाईच, याचा कागद कसा देऊ काका? नसलेल्या चलानाला नंबर काय टाकू?"

भगवानराव स्वतः चौतीस वर्षं खिडकीच्या त्या बाजूला बसले होते. त्यांना हा मुद्दा बिनतोड वाटला, आणि खरं दुःख तेच होतं. त्यांचा पडलेला चेहरा बघून कारकुनाला दया आली. तो खिडकीतून जरा पुढं वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "असं करा, एखादं चलान होऊ द्या. बारकंसं. ते भरा. मग गाडी निरंक झाल्याची पावती मशीनच काढून देतं."

म्हणजे एकदाही नियम मोडला नाही हे सिद्ध करायला एकदा नियम मोडायचा. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पण आयुष्य कचेरीत काढलेल्या भगवानरावांना यात काही वावगं दिसलं नाही. प्रश्न एवढाच उरला की कुठला नियम मोडायचा.

त्यासाठी संध्याकाळी अप्पांच्या दुकानात बैठक बसली. तुरीच्या पोत्यावर सुदर्शनराव, गुळाच्या ढेपेजवळ भगवानराव आणि मध्ये ब्राउन पेपरचं पुस्तक. लग्नाचा मेनू ठरवावा तशी गुन्ह्यांची निवड सुरू झाली.

"दारू पिऊन चालवा," अप्पांनी सुरुवात केली. "हमखास धरतेत."

"कोर्टात उभं करतेत. सहा महिन्यांपर्यंत आत टाकू शकतेत," भगवानराव म्हणाले. "आणिक आधी प्यावी लागती."

"मग बारक्या पोराच्या हातात गाडी द्या."

"त्याच्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद हाय अप्पा! वरून पंचवीस हजार दंड वायला. लोकं आठवीतल्या पोराला गाडी देतेत ना, त्यांना म्हाईतच न्हाई."

"ॲम्ब्युलन्सला वाट देऊ नका."

"ते पाप हाय," भगवानराव म्हणाले, आणि अप्पांनीही कानाला हात लावला.

हेल्मेट न घालण्याचा विचार झाला, पण त्यात लायसन तीन महिने जायची भीती. चालवताना मोबाइलवर बोलायचं, तर निवृत्तीनंतर भगवानरावांना फोन करणारं कुणी उरलं नव्हतं. हे त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं, त्याचं त्यांना जरा वाईट वाटलं. शेवटी झेब्रा पट्टी ओलांडून थांबायचं, असं ठरलं. पहिल्या वेळेला पाचशे, कुणाला इजा नाही, लायसनला धक्का नाही. सभ्य माणसानं करण्यासारखा हा एकच गुन्हा त्या पुस्तकात सापडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भगवानराव आपल्या सावलीतून मुद्दाम आणखी पुढं गेले आणि पार चौकाच्या मधोमध जाऊन थांबले. सिग्नलवर रेणुका नावाची पोलीस बाई ड्यूटीला होती. ती छत्रीखालून धावत आली.

"काका, ऊन लागलं का? पाणी देऊ?"

"पाणी नको. फोटो काढा."

"आँ?"

"मी नियम मोडलाय बाई. तुमचं कर्तव्य करा."

रेणुकानं इकडंतिकडं बघितलं, गाडीच्या मागे जाऊन फोटो काढला, नंबर टिपला आणि काकांना हाताला धरून, गाडीसकट, रस्त्याच्या कडेला आणून सोडलं. भगवानराव घरी येऊन मोबाइल समोर ठेवून बसले. रात्रीपर्यंत मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नंबर टाकून बघितला: 'एकही चलान प्रलंबित नाही'. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य वाचून त्यांचा चहा निवला.

"गुन्हा बारका पडला," अप्पा म्हणाले. "ट्रिपल सीट करू. मी बसतो मागं."

तिसरा कोण, हा प्रश्न होता. पंचफुलाबाईंनी साफ नकार दिला. "तुमचा सत्कार तुमाला लखलाभ. मला लोकांत तोंड दाखवायचं हाय." तेव्हा सुदर्शनराव म्हणाले की प्रक्रियेला साक्षीदार लागतोच, मी येतो. पुढं भगवानराव, मध्ये सचिव, मागं नव्वद किलोचे अप्पा, अशी ती स्कूटी चौकात आली तेव्हा पुढचं चाक जमिनीवर टेकलंय की नाही याबद्दल पाहणाऱ्यांत दुमत होतं. फलकाच्या सावलीत भगवानरावांनी नेमानं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. रेणुका हसून हसून वाकली, पण फोटो तिनं काढला.

त्याचंही चलान आलं नाही.

यानंतर जे झालं ते फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. सुदर्शनरावांनी संघाच्या सभेत उभं राहून सांगितलं, "मी स्वतः यांच्या गाडीवर ट्रिपल सीट बसलो. डोळ्यांदेखत फोटो काढला. तरी यांच्या नावावर चलान चढलं न्हाई. याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला पाहिजे?" हे निवेदन इतिवृत्तात लिहून त्याची प्रत फाइलला लागली. टाळ्या झाल्या. सत्कार तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी अकराला ठरला. यंत्रणेलासुद्धा आपल्याला दंड करवत नाही, असं भगवानरावांना आता खरंच वाटू लागलं आणि दहा मिनिटांचं भाषण चाळीस मिनिटांवर गेलं. ते पाठ करण्यापायी दुपारी चारची सिग्नलवरची फेरीही बंद झाली.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, आरशापुढं ते भाषण चालू असताना दारात एक मुलगी आली. एकोणीस-वीस वर्षांची, पाठीला सॅक, कपड्यांवर एसटीची धूळ. तिनं हातातल्या कागदाकडे बघितलं, मग भगवानरावांच्या डोक्याकडे बघितलं.

"हे तुमीच का, आजोबा?"

'आजोबा' या शब्दाची जखम भरायच्या आत तिनं चौदा कागद टीपॉयवर मांडले. ते चलानावरच्या फोटोंचे प्रिंट होते, शेवटचे दोन सोडता सगळे सिग्नलवर यंदाच लागलेल्या कॅमेऱ्यानं मागून, तिरपे काढलेले. झेब्रा पट्टी, राखाडी स्कूटी, मांडीवर हेल्मेट आणि उन्हात चकाकणारं टक्कल. तारखा वेगळ्या, टक्कल तेच. शेवटच्या कागदावर तीन म्हातारे. पंचफुलाबाई स्वयंपाकघरातून आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "ही भाजीची पिशवी आपलीच की. फोटोत मी लई जाड दिसून राहिले."

मुलीचं नाव राजकन्या. देवणीची. बाप व्यंकट, दावणीला देवणी गाई, दुधाचा धंदा. उदगीरला कॉलेजात ती दोन वर्षं शिकत होती आणि बापानं दिलेल्या जुन्या स्कूटीवर जात-येत होती. मार्चपासून बापाच्या बटणाच्या फोनवर मेसेज यायला लागले: तुमच्या वाहनानं लातूर इथं नियम मोडला.

"मी लातूरला गेलेच न्हाई, असं मी घसा सुकेपर्यंत सांगितलं," राजकन्या म्हणाली. "अण्णा म्हणतेत, गाडी काय आपल्या आपण गेली का? कॉलेज बुडवून तू लातूर फिरून राहिलीस. तरी गप होते. मग ट्रिपल सीटचा मेसेज आला. त्या दिवशी चावी काढून घेतली. आता पुढच्या वर्षाचं ॲडमिशन बी घ्यायचं न्हाई म्हणतेत. उद्या शिरूर अनंतपाळचं गिऱ्हाईक येऊन राहिलंय, गाडी इकणार."

"पण हे फोटो दाखव की त्यांना!"

"दाखवले ना. साइटवर फोटो बघायला इंजिन नंबर लागतो. कुलूप लावलेल्या गाडीखाली झोपून टॉर्चनं तो वाचला, तवा हे निघाले. अण्णानी नीट बघितलं आणिक म्हणाले, नंबर आपलाच हाय. म्हंजी तू म्हाताऱ्या लोकांना गाडी भाड्यानं देतीस." तिनं तीन म्हाताऱ्यांचा कागद पुढं सरकवला. "वरून म्हणतेत, कुलूप लावल्यापासून एक मेसेज आला न्हाई, मग कोण खरं? म्हणून मी सिग्नलवर आले. तिथल्या पोलीस बाई फोटो बघून लगीच म्हणाल्या, हे तर समाधान कॉलनीतले भगवानराव काका."

भगवानराव ताठ झाले. "हे बघ पोरी, माझ्या गाडीचा नंबर बावीस तेरा. ह्याच्यावर बावीस अठरा हाय. कायद्यानं..."

राजकन्या तोवर अंगणात गेली होती आणि स्कूटीमागं उकिडवी बसली होती. "आजोबा, इकडं या. हा तीन हाय का आठ?"

इंग्रजी तीनच्या डाव्या अंगाला कुंकवाची दोन बोटं होती. एक वर, एक खाली. दोन्ही मिळून तीनचा असा गोंडस आठ झाला होता की पाटी लिहिणाऱ्यालाही जमला नसता. भगवानराव ती पाटी रोज पुसत होते. पण देवाधर्माचं कुंकू पुसायचं नसतं म्हणून तेवढं सोडून पुसत होते, आणि रोज बघून बघून ते त्यांना दिसेनासं झालं होतं.

"दर वेळी धुळीनं जातं," पंचफुलाबाई हळूच म्हणाल्या. "म्हणून औंदा पाडव्याला डिंकात कालवलं."

भगवानराव पायरीवर बसले. नंबर अस्पष्ट ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा, हे त्यांना पुस्तक न उघडता आठवलं. म्हणजे चौदा आणि एक पंधरा. सावलीचे, मांडीवरच्या हेल्मेटचे आणि त्यांनी मुद्दाम मागून घेतलेले ते शेवटचे दोन. एकतीस वर्षांचा हिशेब डोळ्यांसमोर उलटा फिरला. आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे, त्यांच्या हौसेच्या ट्रिपल सीटनं या पोरीची चावी गेली होती. त्यांना मनापासून लाज वाटली.

लाज वाटली, पण उद्याची शालही दिसत होती. "सोमवारी सकाळी पहिलं काम हेच करू," ते म्हणाले. "रीतसर अर्ज लिहू. गिऱ्हाईकाला एक दिवस थांबवता येत न्हाई का?"

राजकन्येनं कागद गोळा करायला घेतले.

"कुंकू मी लावलं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "उद्या सकाळच्या गाडीनं मी जाते हिच्यासंगं. तुमी शाल घ्या." आणि राजकन्येला म्हणाल्या, "बस गं बाई, जेवून घे."

"नको मावशी."

हिला मावशी आणि मला आजोबा, हे भगवानरावांच्या लक्षात आलं. पण त्या क्षणी कुठल्या तोंडानं बोलणार? ते उठले, घरातून पाना आणला आणि पाटीचे नट सोडवायला लागले.

रविवारी सातच्या एसटीनं तिघं निघाले. भगवानरावांच्या मांडीवर नंबरपाटीची पिशवी. सत्काराला यायला जमणार नाही, हे सुदर्शनरावांना सांगायचं धैर्य त्यांना लातूर सुटेपर्यंत झालं नाही, आणि नंतर रेंज नव्हती. उदगीरला गाडी बदलून देवणीला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले.

व्यंकटच्या अंगणात बाजेवर शिरूरचं गिऱ्हाईक बशीतून चहा पीत होतं. गोठ्याच्या भिंतीला टेकून ती दुसरी राखाडी स्कूटी उभी होती, चाकाला साखळी घातलेली. व्यंकट उंच, हाडकुळा माणूस. लेकीला कुणा परक्या म्हाताऱ्याबरोबर येताना बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अण्णा, फोटोतला माणूस आणलाय," राजकन्या म्हणाली. "जिता."

भगवानरावांनी चाळीस मिनिटांच्या भाषणातली सगळी वाक्यं मनात चाचपली. एकही कामाचं नव्हतं. "ती चौदा चलानं माझी हायत," ते म्हणाले. "पोरीचा काही दोष न्हाई. मी... मी नियम मोडत होतो." हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं, म्हणून ते जरा अडखळत निघालं.

व्यंकट बधला नाही. "तुमी सांगताव ते खरं असंल. पण पोरीनं कुणालाबी आणून उभं केलं असंल. माझ्या गाडीचा नंबर तुमच्या गाडीला कसा?"

तेव्हा पंचफुलाबाईंनी पाटी पिशवीतून काढली आणि सगळ्यांसमोर नखानं डिंक खरवडला. लाल खपली पडली, आणि आठचा तीन झाला. गिऱ्हाईकानं चहाची बशी खाली ठेवली.

"पाटीवरचं कुंकू खरवडू न्हाई बाई," ओट्यावरून व्यंकटची आई विठाबाई म्हणाली. ती मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आलेली, काळा चष्मा लावून बसली होती. "आन् नुसत्या पाटीनं काय व्हतंय? त्या माणसाला तसंच बसवून बगा की, फोटोसारकं."

ही कल्पना गल्लीला इतकी आवडली की कुंपणाबाहेर तोवर जमलेली वीस माणसं आत आली. भगवानरावांना गोठ्यापुढच्या स्कूटीवर बसवलं. मागं पंचफुलाबाई बसल्या. हेल्मेट राजकन्येचं घेतलं.

"डोस्क्यावर न्हाई, मांडीवर," कुणीतरी फोटो बघून सांगितलं.

"टोपी काढा."

भगवानरावांनी प्रवासाची टोपी काढली. बाजारातला बैल बघावा तशी माणसं सगळ्या बाजूंनी फिरून बघू लागली. प्रिंट हातोहात फिरले. "रुमालानं पुसा डोस्कं, तसं बसत न्हाई ते." त्यांनी पुसलं. "पिशवी द्या की त्या बाईला." पिशवी दिली.

एवढ्यात खिशातला फोन वाजला. "भगवानराव, सभागृह भरलंय! सत्कारमूर्ती कुठं हायत?" सुदर्शनरावांचा आवाज अंगणभर ऐकू गेला.

"सत्कारमूर्ती फोटोला बसलेत," भगवानराव म्हणाले. "सुदर्शनराव, माझ्या नावावर चौदा चलानं हायत. इतिवृत्तात दुरुस्ती करा. शाल कुणालाबी द्या. अप्पाला द्या, त्यांनी सगळी भरलीत तरी." आणि त्यांनी फोन बंद केला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या चाळीस मिनिटांबद्दल वाईटही वाटलं.

विठाबाई ओट्यावरून उतरली, काळा चष्मा वर केला आणि फोटो आणि माणूस आलटून पालटून तीनदा बघितले.

"ह्योच हाय," ती म्हणाली. "येंकट्या, असलं टक्कल पैदा करायला पोरीला जमंल का रं?"

कुणी हसलं, पण व्यंकट हसला नाही. तो लेकीपुढं जाऊन उभा राहिला. काय करावं हे त्याला कळत नव्हतं, कारण बापानं पोरीपुढं काय करायचं असतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"माजं चुकलं बाई," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "तू तीन म्हैने सांगून राहिलीस आन् म्या मोबाइलचं ऐकलं."

राजकन्या मान खाली घालून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं ओढणीनं पुसलं, आणि हात पुढं केला. व्यंकटनं बंडीच्या खिशातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली. भगवानरावांनी तेवढ्यात एक अर्ज काढला. चौदाही चलानं माझ्या गाडीवर घ्यावीत, असा, तीन प्रतींत, तारीख आणि सहीसकट. तो त्यांनी सकाळी एसटीत लिहिला होता. आयुष्यात त्यांनी हजारो अर्ज नोंदवून घेतले, पण स्वतःच्या विरुद्ध लिहिलेला हा पहिलाच. व्यंकटनं तो दोन्ही हातांनी घेतला.

तीन आठवडे उभी असलेली स्कूटी बटणावर सुरू होईना. बॅटरी बसली होती. व्यंकटनं किक मारली. गल्लीतल्या चौघांनी मारली. गिऱ्हाईकानंसुद्धा, गाडी मिळणार नाही हे कळलेलं असताना, दोन मारल्या. शेवटी भगवानराव पुढं आले. "असलीच माझी हाय," ते म्हणाले. त्यांनी चोक ओढला, दोन किका नुसत्याच दाबल्या आणि तिसरी जोरात मारली. गुडघ्यात कळ आली, पण स्कूटी धडधडली.

राजकन्येनं हेल्मेट घातलं, पट्टा लावला आणि गाडी वळवून फाटकाबाहेर काढली. व्यंकटनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि तो गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. स्कूटी गल्लीच्या टोकाला जाऊन दिसेनाशी झाली.

"पोरगी कुठं गेली ओ?" शिरूरच्या गिऱ्हाईकानं विचारलं.

"मला काय म्हाईत?" व्यंकट म्हणाला. "गाडी तिची हाय."